तीन पडदे, एक लॅपटॉप

प्रश्न : गॅदरिंगला स्टेजवर तीन एलईडी वॉल असतात, प्रत्येकी १९२०×१०८०. ५७६०×१०८० ची एक एमपी४ फाइल लॅपटॉपवरून चालवतो. एका वॉलला एचडीएमआय, दोन वॉलना यूएसबी अडॅप्टर. चित्र अडखळतं. नवीन लॅपटॉप घ्यावा का?

उत्तर : आधी फाइल बदला. बऱ्याच ग्राफिक कार्डांचा एच.२६४ डिकोडर (एमपी४ मधला नेहमीचा व्हिडिओ उलगडणारा भाग) ४०९६ पिक्सेल रुंदीपुढे जात नाही, मग सगळा भार सीपीयूवर येतो. तीच फाइल हॅप कोडेकमध्ये (ग्राफिक कार्डाला सहज उलगडता येणारा व्हिडिओचा प्रकार), किंवा रेझोल्यूम हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या डीएक्सव्ही कोडेकमध्ये काढा. आकार कित्येक पट वाढेल, म्हणून ती एनव्हीएमई एसएसडीवरच, म्हणजे वेगवान डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालवाल तर पुन्हा अडखळेल.

दुसरा दोषी यूएसबी अडॅप्टर. असे बरेचसे अडॅप्टर चित्र सीपीयूकडून कॉम्प्रेस करून घेऊन पाठवतात, म्हणजे तिथेही भार सीपीयूवरच. एका केबलच्या तीन करणाऱ्या स्प्लिटरचा तर इथे उपयोगच नाही, तो तिन्हीकडे एकच चित्र दाखवतो. भाड्याने चार आउटपुटचं ग्राफिक कार्ड असलेला डेस्कटॉप मिळतो, तो घ्या. तिन्ही केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नको.

सॉफ्टवेअर? मॅक असेल आणि नाटकासारखे क्रमाने क्यू द्यायचे (ठरल्या क्षणी एकेक व्हिडिओ सुरू करायचा) असतील तर क्यूलॅब. विंडोजवर रेझोल्यूमची अरीना ही आवृत्ती. पुढेमागे प्रोजेक्टरचं ब्लेंडिंग (दोन प्रोजेक्टरच्या चित्रांच्या कडा बेमालूम जोडणं) करायचं झालं तर ते रेझोल्यूमच्याच स्वस्तातल्या अव्हेन्यूत नाही.

आणि हो, कार्यक्रम चालू असताना एखाद्या वॉलचा प्रोसेसर (लॅपटॉप-डेस्कटॉपचं चित्र घेऊन वॉलला देणारा डबा) क्षणभर बंद पडला तरी विंडोज स्क्रीनचा क्रम बदलू शकतं. प्रत्येक आउटपुटवर ईडीआयडी एम्युलेटर लावा; स्क्रीन जोडलेलाच आहे असं तो कॉम्प्युटरला सतत भासवतो.