"रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, मग मी अशी का झाले?"

(ओळख पटू नये म्हणून वय, ठिकाण आणि घरचे तपशील बदलले आहेत.)

भांडुपहून आलेली ३१ वर्षांची बाई. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला होता, धाकट्या भावाच्या स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या पेशी) मिळाल्या, ट्रान्सप्लांट होऊन २० महिने उलटले. बसण्याआधीच तिने फाइल उघडून पुढे केली. शेवटच्या रिपोर्टवर प्लेटलेटच्या आकड्याभोवती नवऱ्याने हिरव्या पेनाने गोल काढला होता. "सगळं नॉर्मल आहे मॅडम. म्हणजे खोट माझ्यातच असणार."

मग एका दमात सगळं बाहेर आलं. रात्री तीनला अंगातून गरम वाफा निघतात, घामाने गाऊन बदलावा लागतो. सकाळी ओट्याशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाईंच्या साध्या बोलण्यावर रडू फुटतं. नवऱ्याने जवळ घेतलं की अंग आक्रसतं. "आई म्हणतात, एवढ्या दुखण्यातून उठलीस, आता कशाला कुढतेस? हा म्हणतो, तू बदललीस."

पाळीचं विचारलं तर म्हणाली, "ती केमोतच गेली. बरंच झालं, एक कटकट कमी."

फाइल जाड होती. सीबीसी, लिव्हर, किडनी, सगळं ओळीने लावलेलं. एफएसएच (अंडाशयाचं काम कळणारी रक्ततपासणी) एकदाही केलेला नव्हता, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ट्रान्सप्लांटच्या आधीचा. असं पुष्कळदा होतं. पहिलं दीड वर्ष सगळ्यांचा जीव रक्त, इन्फेक्शन आणि जीव्हीएचडीवर (दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात तो त्रास) टांगलेला असतो. पाळीचा विषय ना रुग्ण काढते ना ओपीडीच्या पाच मिनिटांत कुणी विचारतं. पण अशा बाईला 'मन रमवा, चांगले विचार करा' सांगून घरी पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. आधी तपासण्या, मग बोलणं.

ट्रान्सप्लांटआधी जुना मॅरो (हाडांतली अस्थिमज्जा) रिकामा करायला तिला ब्युसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड दिलं होतं. ही औषधं, तसंच संपूर्ण शरीराला दिलेलं रेडिएशन, अंडाशयातला बीजांचा साठाही संपवतात. इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन बनणं थांबतं. वाफा, उडालेली झोप, चिडचिड, योनीचा कोरडेपणा हे सगळं तिथूनच येतं, आणि आतल्या आत हाडं विरळ होत जातात. चाळिशीच्या आत चार महिने पाळी नसेल आणि एफएसएच २५ च्या वर असेल, तर अंडाशयाचं काम मंदावलंय असं डॉक्टर धरतात. हिचा निघाला ७८.

चक्कर मात्र वेगळ्या वाटेने आली होती. त्वचेच्या जीव्हीएचडीसाठी ती नऊ महिने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत होती. तोंड सुजलं, बायका विचारायला लागल्या, म्हणून दोन महिन्यांपूर्वी गोळ्या तिने एका दिवसात बंद केल्या. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं सोडून देतात. त्यांना पुन्हा जाग यायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो. मळमळ, उभं राहिल्यावर बीपी पडणं, न जाणारा थकवा ही कॉर्टिसोल कमी पडल्याची लक्षणं. सकाळी आठला घेतलेल्या रक्तात तिचं कॉर्टिसोल फारच कमी आलं. टीएसएचही १२ होता, म्हणजे थायरॉइडही मंद.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. कॉर्टिसोल कमी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू केली, तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसोल भराभर वापरून टाकतं आणि रुग्ण कोसळू शकतो. म्हणून एंडोक्रिनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) आधी कॉर्टिसोलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन दिलं, नंतर थायरॉक्सिन. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब. ती तिन्ही एकत्र, चहाच्या घोटाबरोबर घ्यायला निघाली होती.

त्या डॉक्टरांकडे जाताना तिच्यासोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली होती: ट्रान्सप्लांटची तारीख, कंडिशनिंगची (मॅरो रिकामा करणारी) औषधं, रेडिएशन झालं की नाही, स्टिरॉइड कधीपासून कधीपर्यंत आणि किती, जीव्हीएचडी कुठे होता, शेवटची पाळी कधी आली. नव्या डॉक्टरला जाड फाइलपेक्षा हे अर्धं पान लवकर कळतं. प्रत्येकाने असं पान करून ठेवावं, फोनमध्ये फोटोही काढावा.

तिचं घोडं अडलं ते हार्मोनच्या गोळ्यांवर. "कॅन्सरमधून उठले आणि आता कॅन्सर होणाऱ्या गोळ्या घेऊ?" ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते, तिची टर उडवू नये. २००२ साली अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासामुळे ती पसरली, त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी ६३. एकतिशीत शरीराने जे स्वतः बनवायला हवं होतं, तेवढंच परत देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते साधारण नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत द्यायचं असतं. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. लिव्हरला जीव्हीएचडी असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असेल, तर गोळीऐवजी पॅच किंवा जेलचा विचार होतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांचा निर्णय मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. हे सगळं ऐकूनही तिने आठ दिवस मागितले. ते द्यायलाच हवे होते.

नवऱ्याशी वेगळी बैठक झाली. त्याला वाटत होतं, तिचं प्रेम आटलं. तिला जवळीक नकोशी होती कारण प्रत्येक वेळी आग होत होती, आणि हे त्याला सांगायची तिला लाज वाटत होती. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीत कोरडेपणासोबत योनीतही जीव्हीएचडी निघाला. हे दोन्ही वरून सारखेच वाटतात, म्हणून नुसती क्रीम लिहून न घेता तपासून घेणं गरजेचं. उपचार राहिला तर योनीमार्ग चिकटून अरुंद होतो. मग हार्मोन सुरू झाल्यावर पाळीचं रक्त आत साचू शकतं. तिला इस्ट्रोजेनची आणि स्टिरॉइडची अशी दोन स्थानिक मलमं मिळाली, डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवणारी नळी) कसा वापरायचा ते दाखवलं. तीन महिने संबंध टाळायचे, हात धरून बसायचं टाळायचं नाही, एवढं दोघांनी मान्य केलं. "मला वाटलं तू माझा कंटाळा केलास," तो घरी जाऊन म्हणाला, असं तिनेच नंतर सांगितलं.

तिच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं: 'स्टिरॉइडवर अवलंबून.' ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांनी त्यावर लिहून दिलंय. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता कॅज्युअल्टी, तिथे इंजेक्शन.

स्टिरॉइड चालू असलेल्यांनी साखर फक्त उपाशीपोटी तपासून निश्चिंत होऊ नये. सकाळच्या प्रेडनिसोलोनने ती बहुधा दुपारनंतर चढते, म्हणून जेवणानंतर दोन तासांनीही बघावी. ट्रान्सप्लांट झालेल्या सगळ्यांनीच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) वर्षभराने, थायरॉइड दरवर्षी करावं. पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ ते दहामध्ये, दोनदा. लहान मुलांची उंची दर भेटीत मोजून लिहून ठेवावी.

हार्मोन सुरू झाल्यावर वाफा दीड महिन्यात कमी झाल्या. रात्री सलग झोप लागायला लागली तसं रडूही ओसरलं. मग ती ज्या प्रश्नाभोवती एवढे दिवस घुटमळत होती, तो आला: "मूल?" अंडाशय कधीकधी आपणहून काम करू लागतं, एचआरटी (हार्मोनचे उपचार) हे गर्भनिरोधक नाही, हेही त्यामुळेच सांगावं लागतं. पण त्या भरवशावर राहता येत नाही. दुसऱ्या स्त्रीचं बीज किंवा दत्तक हे मार्ग आहेत, आणि गर्भधारणेआधी हिमॅटॉलॉजिस्टची (रक्तविकारांच्या डॉक्टरांची) परवानगी लागते. त्या दिवशी मार्गांची यादी मात्र काढली नाही. ती रडली, नवरा शेजारी बसून राहिला. पुढची वेळ दोघांनी मिळून घेतली आहे.