आधी फीचं सांगा, मग ब्रेकचं बोलू

तुमच्या पत्रात मुलाच्या 68 टक्क्यांना एक ओळ आहे आणि नातेवाइकांच्या मुलांच्या पॅकेजला दीड पान. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाला ब्रेक पॅडची कंपनं आणि आवाज कमी करणाऱ्या डॅम्पिंग मटेरियलवर प्रोजेक्ट करायचाय. तुम्ही त्याला न विचारता सॉफ्टवेअरच्या कोर्सची फी भरून मोकळे झालात, आणि आता मला म्हणता, "त्याचं मन वळवा." नाही वळवणार. मला त्याच्या टक्क्यांची काळजी वाटत नाही, या परस्पर भरलेल्या फीची वाटते. ती भरल्याचं त्याला अजून माहीतही नाही. आज सांगा. ऐकून घ्यावं लागेल, ते ऐका.

"ब्रेक किंचाळला तर मेकॅनिक पॉलिश पेपर मारतो, त्यात इंजिनिअर कशाला?" असं तुम्ही लिहिलंय. पेपर मारून काही दिवस शांतता मिळते, आवाज बऱ्याचदा परत येतो. कारण उत्तम पकडणारा ब्रेकही किंचाळतो. घर्षणामुळे चाकाबरोबर फिरणारी डिस्क, तिच्यावर दाबले जाणारे पॅड आणि ते दाबणारा कॅलिपर एकमेकांची कंपनं वाढवत नेतात आणि साधारण 1 ते 16 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कर्कश सूर लागतो. त्यावर एक उपाय म्हणजे पॅडच्या पाठीला बसवलेली शिम: पोलादाच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये रबरासारख्या पॉलिमरचा थर. पत्रे थरथरले की मधला थर ताणला-सरकवला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. पण हा थर नेमक्या तापमानातच नीट काम करतो. गार असताना कडक पडतो, फार तापला की ढिला. आणि ब्रेकचं तर कामच तापण्याचं! म्हणून पॉलिमर कोणतं, जाडी किती, हे आधी संगणकावर आणि मग डायनॅमोमीटरवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, दाब, वेग, तापमान बदलत ठरवावं लागतं. विजेच्या गाडीत तर इंजिनाच्या आवाजाचा आडोसाही नाही.

या कामाकडे जायचा रस्ता नेहमीचाच: पदवी, गेटची परीक्षा, मशीन डिझाइनमध्ये एमटेक.

चिरंजीवांनाही एक सांगतो. नुसती शिम धरून बसू नकोस, नोकऱ्या कमी आहेत. एनव्हीएच, म्हणजे गाडीतला आवाज, कंपनं आणि खडखडाट, हे अख्खं क्षेत्र शिक. आणि आवड आहे म्हणण्याआधी एक पॅड दोरीला टांग, एक्सेलरोमीटर (कंपनं मोजणारा सेन्सर) चिकटव, छोट्या हातोडीने ठोक, कंपनांचा आलेख काढ. मग शिम लावून पुन्हा ठोक. आलेखातली शिखरं कुठे बसली, कुठे नुसतीच सरकली, हे शोधताना वेळेचं भान राहिलं नाही तर प्रोजेक्ट घे. कंटाळलास तर वडिलांच्या कोर्सचा विचार कर.

तोवर, बाबा, फी परत मिळण्याची मुदत कधी संपते ते पावतीवर बघून ठेवा.