दान नेमकं कोणत्या संस्थेला द्यायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढता, पण आवाहनं इतकी येतात की सगळ्यांनाच थोडं थोडं दिलं जातं, आणि वर्ष संपलं की कुठेच काही पोहोचल्यासारखं वाटत नाही.

संस्था नंतर बघा, आधी प्रश्न निवडा. आपल्यापर्यंत येणारी आवाहनं प्रश्नाच्या गांभीर्याप्रमाणे येत नाहीत. ज्यांच्याकडे फोन करायला माणसं आहेत, ज्यांचं दुःख फोटोत नीट दिसतं, ती आधी पोहोचतात. आलेल्यांतूनच निवडत राहिलो तर खरी निवड दुसऱ्यानेच केलेली असते.

नारूचंच बघा. १९८६ साली २१ देशांत मिळून या रोगाचे साधारण ३५ लाख रुग्ण होते. लस नाही, औषध नाही. पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभराने बहुधा पायातून बाहेर पडतो आणि काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढून काढावा लागतो. उपाय काय, तर पाणी फडक्याने गाळून प्यायचं आणि पायाला जखम असलेल्या माणसाला तळ्यात उतरू द्यायचं नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापन केलेलं कार्टर सेंटर, त्या त्या देशांची आरोग्य खाती आणि गावोगावचे स्वयंसेवक हे काम वर्षानुवर्षं रेटत राहिले. २०२३ मध्ये जगभरात माणसांमधले फक्त १४ रुग्ण नोंदले गेले. गाळायच्या फडक्यासाठी पैसे मागणारं पत्र वाचून कुणाचे डोळे भरून येत नाहीत, तरी या कामाला दशकानुदशकं पैसे पुरवणारी माणसं होती. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

तेव्हा एका कागदावर एकच वाक्य लिहा : कुणाच्या आयुष्यात काय बदलायला हवं? 'शिक्षण' एवढंच लिहिलंत तर हजार संस्था समोर येतील. 'ऐकू न येणाऱ्या मुलांना पहिल्या पाच वर्षांत भाषा मिळावी' असं लिहिलंत तर मोजक्याच उरतील, आणि त्यांना काय विचारायचं तेही आपोआप सुचेल. हे वाक्य लिहिताना मनाचं खुशाल ऐका. घरातलं माणूस ज्या आजाराने गेलं त्याच आजारासाठी द्यावंसं वाटत असेल तर द्या. अशी ओढ असली की माणूस दहा वर्षं टिकतो. तुमचं मन सगळीकडे सारखंच हळहळत असेल, तर गिव्हवेलसारख्यांचं काम वाचा. दिलेल्या पैशातून किती जीव वाचतात याचा हिशेब ते २००७ पासून मांडत आलेत, आणि आपलं गणित कुठे कच्चं आहे तेही उघड सांगतात. मात्र कच्च्या कैद्याला वकील मिळवून देणं किंवा एखाद्या नदीसाठी वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहणं अशा हिशेबात नीट बसत नाही. म्हणून ते काम कमी महत्त्वाचं ठरवू नका.

मग संस्था. पहिलं बघायचं ते हे, की ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना कुणी विचारलं होतं का. आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाची एक योजना गाजली होती. मुलं गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळतील आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी वर येईल, अशी कल्पना. २००६ मध्ये तिला अमेरिकेतून मोठा निधी जाहीर झाला. ठरवलं होतं तेवढ्या लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब २००९ मध्ये 'द गार्डियन'ने मांडला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बायकाच ते जड चक्र ढकलत होत्या. कल्पना देणाऱ्यांना आवडली होती. पाणी भरणाऱ्यांना आधी विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे संस्थेला फोन करून विचारा, 'गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही काय बंद केलंत, आणि का?' मी हे नेहमी विचारते. एका संस्थेच्या बाईंनी सांगितलं, 'संध्याकाळचे वर्ग बंद केले. मुलं भरपूर यायची, पण ज्यांच्यासाठी सुरू केले होते ती येतच नव्हती. त्या वेळी ती कामावर असायची.' मग त्यांनी वर्गाची वेळ आणि जागा कशी बदलली, पहिल्या महिन्यात किती कमी मुलं आली, हे सगळं न अडखळता सांगितलं. आकडा फुगलेला असताना तो वर्ग बंद करायला धैर्य लागतं. त्यांना मी आजही देते. 'आमचं सगळं उत्तमच चाललंय' असं उत्तर आलं, तर थोडं थांबा.

प्रशासकीय खर्चाची टक्केवारी बघून संस्था ठरवू नका, हे मी कळकळीने सांगते. संस्थांची माहिती आणि गुणांकन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनीच २०१३ मध्ये देणगीदारांना उघड पत्र लिहून हेच सांगितलं होतं. मी एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहून देते. तिथे एका वर्षी संगणकांसाठी देणगी आली, फक्त संगणकांसाठी. खोकी येऊन पडली. त्याच महिन्यात मुलांना बोलायला शिकवणाऱ्या ताईंचा पगार थकला होता, कारण पगारासाठी द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या पैशाला हात लावता येत नव्हता. ताई निघून गेल्या असत्या तर ते संगणक कुणी लावले असते? पगार, भाडं, वीजबिल, हिशेबनीस म्हणजेच संस्था. ऑडिट झालेले हिशेब जरूर मागा, विश्वस्त एकाच घरातले आहेत का ते बघा, पण पगाराचा आकडा बघून नाक मुरडू नका.

म्हणूनच एकदा खात्री पटली की पैसे अटी न घालता द्या. डिसेंबर २००४ मधल्या त्सुनामीनंतर जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. साधारण आठवड्याभरात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संकटांच्या जागी वैद्यकीय मदत देणाऱ्या संस्थेने जाहीर केलं, की आमच्या त्सुनामीच्या कामापुरते पैसे आले आहेत, आता त्यासाठी देऊ नका. पुढे त्यांनी देणगीदारांना विचारलं, की जादा रक्कम दुसऱ्या संकटांकडे वळवू का. बहुतेकांनी हो म्हटलं. जी संस्था आलेला पैसा नको म्हणू शकते, तिच्या हाती पैसा मोकळा सोडायला मला भीती वाटत नाही. बातम्यांतली संकटं आली की मीही हेलावते, पण आधीच तिथे काम करत असलेली संस्था शोधते. शक्य असेल तर थोडी रक्कम सहा महिन्यांनी देते, कॅमेरे निघून गेल्यावर.

किती संस्था? माझ्या मते दोन, फार तर तीन, आणि त्याही निदान पाच वर्षं. लहान रक्कमसुद्धा दरमहा, न चुकता आली की संस्थेला माणूस नेमता येतो. शिवाय एक छोटा भाग वेगळा ठेवा : मित्राच्या मुलाची शस्त्रक्रिया, शेजाऱ्याची अडचण, दारात आलेलं कुणी. तिथे चौकशीची यादी काढू नका. बाकीच्यांना सरळ सांगा, 'माझं यंदाचं ठरलंय.' त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि कधी एखादी संस्था सोडायची वेळ आली, तर गुपचूप पैसे थांबवू नका. निदान सहा महिने आधी कळवा आणि कारणही सांगा. तुमच्या रकमेवर त्यांनी कुणाचा तरी पगार बेतलेला असतो.