सुकाणू वाळूत रुतलं तर काय करायचं?

प्रश्न : माझ्याकडे 14 फुटी फायबरची शिडाची होडी आहे, सेकंडहॅन्ड घेतलेली, सुकाणूचं पातं वर उचलता येतं असली. गेल्या चतुर्थीला दुपारी साडेतीनला देवबागहून निघालो आणि चारच्या सुमारास कर्ली खाडीच्या तोंडाशी वाळूत अडकलो. सुकाणूचा दांडा जोरजोरात हलवला, काही होईना, मग उतरून होडी मागे ढकलली तर सुकाणूची खालची बिजागरी वाकली. होडी सुटली ती रात्री अडीचला. माझं कुठे चुकलं?
– एक वाचक, देवबाग

उत्तर : पहिली चूक निघतानाच झाली. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ना, चतुर्थीचे चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अंदाजच आहे तो पण चालतो. म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा ओहोटी लागली होती. भरतीला अडकलात तर दहा मिनिटं गप बसलं तरी पाणीच उचलतं, ओहोटीत मात्र सुरुवातीला पाणी हळू उतरतं आणि मग एकदम पळतं. समजा भरती-ओहोटीत 2 मीटरचा फरक आहे, तर पहिल्या तासात जेमतेम 17 सेंटीमीटर जातात आणि तिसऱ्या तासात अर्धा मीटर! तुमच्या हातात होती ती पहिली काही मिनिटंच, आणि ती दांड्याशी झगडण्यात गेली.

आता बिजागरी का वाकली ते. उचलतं सुकाणू फक्त मागच्या बाजूला वर जातं, होडी पुढे जाताना वाळू लागली की ते आपोआप उचललं जातं, पण होडी मागे ढकलली की वाळू त्याला उलट पुढे दाबते, तिकडे जायला जागा नसते, मग पातं फावड्यासारखं रुततं आणि सगळा भार बिजागरीवर येतो. माझीही अशीच मोडली होती दाभोळच्या खाडीत, म्हणून कळकळीने सांगतो, मागे सरकायच्या आधी पातं वर, त्यात तडजोड नाही.

टेकल्याबरोबर आधी शिडाची दोरी सोडा, शिडात वारा भरलेला असेल तोवर होडी वाळूवर चढतच राहते. मग पातं उचला, सेंटरबोर्ड म्हणजे होडीच्या मधोमध पाण्यात उतरणारी फळी उचला, आणि उतरून नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, आल्या वाटेने ढकला. लाइफजॅकेट घालूनच, होडीची दोरी हातात धरून, कारण खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ जबरदस्त असते आणि हलकी झालेली होडी हातातून निसटते. सुटल्यावर खोल पाण्यापर्यंत वल्ह्याने दिशा धरा. अर्धवट उचललेल्या सुकाणूवर शीड भरून पळू नका, दांडा फार जड होतो आणि पातं तुटू शकतं.

आणखी एक बघा, पातं खाली धरून ठेवणारी दोरी आधीच्या मालकाने गच्च बांधलीय का? तसं असेल तर ते उचलतं असून उपयोग नाही, तिथे रबरी दोरी लावा. आणि उथळ पाण्यात सेंटरबोर्ड सुकाणूपेक्षा वीतभर खोल ठेवा, म्हणजे आधी ते खटकन लागेल आणि सुकाणू अजून पाण्यात मोकळं असेल, तेवढ्यात वळता येतं. पावसाळ्यानंतर तिथली वाळू जागा बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबू नका, रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारून घ्या.

वाकलेली बिजागरी हातोड्याने सरळ करून परत लावू नका हां, नवीनच बसवा.