चेक इंजिनच्या लाइटसाठी एफडी मोडू का? आधी ती एफडी आहे का ते बघू

पाचोऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, जळगाव एमआयडीसीत डाळमिलमध्ये सुपरवायझर, हातात पगार ४६ हजार, घरी बायको, आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी. कामावर रेल्वेच्या पासवर जातात. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, महिन्याला पाचशे किलोमीटरही चालत नाही. तिच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनची पिवळी लाइट लागली. गावातल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला आणि म्हणाला कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धूर स्वच्छ करणारा पार्ट) गेला, ४२ हजार. जळगावचा दुसरा म्हणाला नुसता सेन्सर आहे, साडेसहा हजार. भाच्यानं बॅटरीची वायर काढून लाइट घालवली, ती चौथ्या दिवशी परत लागली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला नंदुरबारला जायचंय म्हणून घाई आहे.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "कोणावर विश्वास ठेवू? आणि ४२ हजार लागलेच तर पर्सनल लोन काढू, मिसेसची पोत गहाण ठेवू की एफडी मोडू? एफडी मोडायला गेलो होतो पण बँकेतले साहेब म्हणाले आता मोडली तर तोटा होईल, तिसरा हप्ता तरी भरा. त्यासाठी एप्रिलला सुटणारी एक लाखाची भिशी राखून ठेवली आहे."

भाऊ, एफडीला हप्ता नसतो.

त्यावर येतोच, खरं तर सगळं पत्र तिथंच अडकलंय, पण गाडीचं आधी सांगतो कारण ते या आठवड्यात उरकण्यासारखं आहे.

मी मेकॅनिक नाही, पण माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांच्या खर्चात गॅरेजचं बिल हमखास असतं आणि त्यातलं बरंचसं अंदाजानं पार्ट बदलत गेल्यामुळे वाढलेलं असतं. तुमच्या पत्रात दोन गॅरेज आहेत, दोन आकडे आहेत, पण कोड कुठंच नाही. स्कॅनर लावला की इंजिनचा कॉम्प्युटर एक कोड देतो, पी अक्षर आणि पुढे चार आकडे. तो कोड कुठला पार्ट गेला हे सांगत नाही, कुठलं रीडिंग बिघडलंय एवढंच सांगतो. कन्व्हर्टर गेला असं गॅरेजवाला म्हणाला म्हणजे बहुतेक पी०४२० आला असणार. त्याचा अर्थ एवढाच की कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं कॉम्प्युटरला वाटतंय. ते कन्व्हर्टर खरंच संपल्यामुळे वाटू शकतं, मागचा ऑक्सिजन सेन्सर खराब झाल्यानं वाटू शकतं, सायलेन्सरच्या पाइपला कुठं गळती असेल किंवा प्लग नीट फायर करत नसतील तरी वाटू शकतं. म्हणजे दोन्ही गॅरेजवाले प्रामाणिक असू शकतात आणि दोघेही चूक असू शकतात, कारण तपासणी झालीय असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

तर करायचं हे. कोडचा फोटो मागा. मग मेकॅनिकला सांगा, इंजिन गरम करून पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ स्कॅनरवर शेजारी शेजारी दाखव. पुढचा सेन्सर सारखा खालीवर होतो, कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे, तरीसुद्धा प्लग, कॉइल आणि एक्झॉस्टची गळती तपासल्याशिवाय ४२ हजारांना हात लावायचा नाही, कारण मिसफायर तसाच राहिला तर नवा कन्व्हर्टरही खराब होतो. आपल्याकडच्या उन्हात रबरी व्हॅक्यूम पाइपला चिरा पडतात आणि उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तुमची गाडी तर उभीच जास्त असते, तेही बघून घ्यायला सांगा. हे सगळं शे-पाचशेपासून दोन-तीन हजारांपर्यंतचं काम आहे.

बॅटरी काढून लाइट घालवणं बंद करा. लाइट लागली त्या वेळी इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड काय होतं याची नोंद कोडबरोबर साठवलेली असते, बॅटरी काढली की तीही पुसली जाते. गाडी थोडी चालली की कॉम्प्युटर परत स्वतःची तपासणी करतो आणि दोष असेल तर लाइट परत येते, तुमची चौथ्या दिवशी आली ती अशीच.

आणि तपासणीचे पैसे द्या. फुकट स्कॅन करणारा आपली मजुरी पार्टमधूनच काढणार, त्यात त्याचाही फार दोष नाही. ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला किंवा तिसऱ्या गॅरेजला हजाराच्या आतबाहेर जे असेल ते देऊन "फक्त निदान करा, काम इथं करीनच असं नाही" असं आधीच सांगा. ज्याला पार्ट विकायचा नाही त्याचं निदान जास्त खरं निघतं. काम कराल तेव्हा एस्टिमेट लेखी, जुना पार्ट परत, नव्या पार्टची वॉरंटी बिलावर. या गोष्टींना का कू करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला तर कोड तुम्हालाच मोबाईलवर दिसेल, तुमच्या गाडीला स्टिअरिंगखाली त्याचं पोर्ट आहे. गाडीच्या विम्यातून मात्र हे होणार नाही, झिजलेला पार्ट त्यात बसत नाही.

आखाजीचं म्हणाल तर लाइट स्थिर असेल, गाडी झटके देत नसेल, ऑइलची किंवा तापमानाची लाल लाइट नसेल तर तपासून घेऊन सावकाश जाता येईल. पिवळी लाइट लुकलुकायला लागली तर मात्र गाडी बाजूला घ्या, तो मिसफायर असतो आणि त्यात चांगला कन्व्हर्टर जळतो. मनात धाकधूक असेल तर जळगावहून सुरत लाइनची गाडी आहेच, ताईंना रेल्वेनं आणा.

माझा अंदाज, काम दहा हजारांच्या आत निघेल. पण ४२ हजार लागले असं धरू, मग पैसे कुठून हा तुमचा खरा प्रश्न. पर्सनल लोन १५ टक्क्यांनी दोन वर्षं म्हणजे सात हजार व्याज. पोत सहा महिने गहाण म्हणजे दोन-अडीच हजार. आणि त्याच महिन्यात तुम्ही एक लाख रुपये रोख कुठंतरी भरणार आहात! घरात लाख येतायत, ते दुसऱ्याला द्यायचे आणि ४२ हजारांसाठी कर्ज काढायचं, हे गणित कुणी मांडलं तुमच्यासमोर?

तुम्ही त्या 'एफडी'च्या फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला ते फार बरं केलं. त्यावर स्वच्छ छापलंय: वार्षिक प्रीमियम १ लाख, प्रीमियम भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, शेवटी मिळणार २४ लाख, विमा संरक्षण १० लाख. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बँकेच्या टेबलावर विकली, बँकेच्या माणसानं विकली, म्हणून ती एफडी होत नाही. विकताना साहेबांनी १४ टक्के मिळतील असं सांगितलं होतं म्हणे, ते कसे दाखवले तेही कळतं, दहा लाखांवर चौदा लाख नफा, भागिले दहा वर्षं. पैसे अडकणार वीस वर्षं आणि भागलं दहानं. नीट हिशोब केला तर परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास बसतो. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकून वीस वर्षं ठेवले, तर आजच्या ७.१ टक्के दरानं साडेएकोणतीस लाख होतात. सरकारी हमी आणि वर साडेपाच लाख जास्त.

याचा मला मनापासून राग येतो. पगारदार माणूस बँकेत विश्वासानं जातो, एफडी मागतो आणि त्याच्या हातात वीस वर्षांचा करार देतात, कारण पहिल्या हप्त्यावर मोठं कमिशन असतं. गाडीसाठी तुम्ही दोन गॅरेज फिरलात, आता मलाही विचारताय. वर्षाला लाख, दहा वर्षांत दहा लाख जाणार होते तिथं दुसऱ्या कुणालाच विचारलं नाहीत, आणि ज्याला विचारलंत तोच विकत होता.

आणि हे कशासाठी? तुम्ही लिहिलंय मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी. मुलगी आज नऊ वर्षांची आहे, कॉलेजची फी आणखी नऊ वर्षांनी लागणार, आणि हे पैसे हातात येणार अठरा वर्षांनी, ती सत्तावीस वर्षांची झाल्यावर. विकणाऱ्यानं मुलीचं वय विचारलं असेल तर हे त्याला त्याच क्षणी दिसलं असणार. "टॅक्सही वाचतो" असं सांगितलं म्हणे. तुमच्या पगारावर नव्या रिजीममध्ये मुळात टॅक्सच लागत नाही, २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे. वाचवायचं काय?

आता "तिसरा हप्ता तरी भरा" याचं बघू. दोन पूर्ण हप्ते भरलेत, त्यामुळे पॉलिसी शून्य होत नाही. पुढचे हप्ते थांबवले तर ती पेड-अप होते, म्हणजे दहातले दोन भरले म्हणून साधारण दोन दशांश, चार लाख ऐंशी हजार, मुदत संपल्यावर मिळतील (नेमका आकडा तुमच्या पॉलिसीच्या अटींवर, तो कंपनीकडून घ्या). उरलेले आठ हप्ते पीपीएफच्या दरानं वाढले तर जवळपास बावीस लाख. बेरीज साडेसव्वीसच्या पुढे. सगळे हप्ते भरून मिळणार २४. म्हणजे आज थांबलात तरी तुम्ही पुढे आहात, तोटा भरत राहण्यात आहे. गेलेल्या दोन लाखांतले काही पैसे बुडाले असं वाटेल, ते वाटणं साहजिक आहे, पण ते वाचवायला आणखी आठ लाख घालायचे नाहीत.

पेड-अप की सरेंडर (म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे आजच घेणं), हे सरेंडरचा आकडा बघून ठरवायचं. कंपनीला ईमेल करा, बँकेला नाही, आणि आजची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप व्हॅल्यू दोन्ही लेखी मागा. सरेंडरला एक लाख चाळीस हजारांच्या वर मिळत असतील तर सरळ काढून घ्या, त्याहून बरेच कमी असतील तर पेड-अप करून विसरून जा. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांचा ग्रेस, म्हणजे सवलतीचा काळ, असतो, म्हणजे तुमचा एप्रिलअखेरचा हप्ता मे संपेपर्यंत अधांतरी ठेवता येईल, साहेबांचा रोज फोन आला तरी.

पण एक काम त्याआधी. पेड-अप केली की विमा संरक्षणही घटून दोन लाखांवर येईल. तसं आजचं दहा लाखांचं तरी काय पुरणार, तुमच्या पगारावर पाच माणसं जगतात आणि दहा लाखांत हे घर तीन वर्षंही नीट चालणार नाही. त्यामुळे साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, ७५ लाख ते एक कोटी, वयाच्या साठीपर्यंत. तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. तंबाखू असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, हप्ता वाढू द्या. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनी थांबवा. घरच्यांचा आरोग्य विमा पत्रात कुठं दिसला नाही, मिलकडून काय आहे ते विचारा आणि आईवडील त्यात बसतात का तेही.

भिशीचा लाख हा तुमचा अडीअडचणीचा फंड, घरखर्चाचे अडीच-तीन महिने. खरीखुरी एफडी करा, पावती मिळते ती, तुकड्यांमध्ये करा म्हणजे गाडीला दहा हजार लागले तर सगळी मोडावी लागणार नाही. लोन नको आणि पोतही कपाटातच राहू द्या.

तक्रार करा, लेखी. एफडी सांगून पॉलिसी विकली, १४ टक्के सांगितले, हे तारखांसकट आधी विमा कंपनीला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी लागत नाही. फार आशा धरू नका, फ्री लूकची, म्हणजे नवी पॉलिसी न पटल्यास परत करायची, मुदत केव्हाच गेलीय आणि व्हेरिफिकेशनच्या फोनवर "सगळ्याला हो म्हणा" असं शिकवून तुमच्याकडून हो वदवून घेतलं असेल तर ते रेकॉर्डिंग ते पुढे करतील. तरी करा. व्हॉट्सअॅपवर साहेबांनी काही लिहून पाठवलं असेल, १४ टक्के, एफडी, काहीही, तर त्याचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

सगळ्यात घाईचं आहे मुलीचं. सुकन्या समृद्धीचं खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं. पत्रात वाढदिवसाची तारीख नाही, त्यामुळे किती दिवस उरलेत मला सांगता येत नाही, पण पोस्टात या सोमवारीच जा, मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं आधार-पॅन घेऊन, २५० रुपयांनीही खातं उघडतं. सध्या ८.२ टक्के आहे, करमुक्त. अठराव्या वर्षी किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी आदल्या वर्षअखेरच्या शिलकीतले निम्मे काढता येतात, निम्मेच, म्हणून सगळं त्यात टाकू नका. महिन्याला तीन हजार तिथं आणि तेवढेच एखाद्या साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) नऊ वर्षं, त्यावर बारा-पंधरा टक्के मिळतीलच असं धरून फीचा हिशोब करायचा नाही, आणि फी भरायच्या दोन वर्षं आधीपासून ते पैसे एफडीत हलवत आणायचे. पॉलिसीच्या हप्त्याचे महिन्याला ८,३०० होत होते, टर्मचे सोळा-सतराशे धरून हे सगळं त्याच्या आत बसतं.

कंपनीकडून दोन्ही आकडे आले की मला पाठवा, पॉलिसीच्या अटींचं पान आणि मुलीची जन्मतारीखही सोबत जोडा.