पद्मिनीच्या टपाचं अस्तर घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. टपाच्या आतलं रेक्झिन मागच्या काचेपाशी फाटून लोंबतंय. सीटकव्हरवाले म्हणतात पुढची-मागची काच काढावी लागेल. हे काम घरी होईल का, आणि करावं का?

होईल. मी माझ्या पद्मिनीचं केलंय, नंतर एका मित्राच्या जुन्या फियाटलाही हात लावला. आणि तुम्ही ते स्वतःच करावं असं माझं ठाम मत आहे, पण पैसे वाचतात म्हणून नाही. रेक्झिन, ते चिकटवायचं सोल्यूशन, काचांची नवी रबरं, शिलाई असं सगळं धरलं तर वाचणारी रक्कम फार मोठी नसते. खरं कारण आहे अस्तराच्या वरचा पत्रा. तुमच्या गाडीचा टप आतून उघडा पडण्याची वेळ चाळीस वर्षांत एकदा येते. ज्याच्या दारात आणखी चार गाड्या उभ्या आहेत तो कारागीर त्या पत्र्यावर दोन दिवस घालवणार नाही, आणि त्याने घालवावेत अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. तुम्ही घालवू शकता.

आधी रचना समजून घ्या. पद्मिनीचं अस्तर टपाला चिकटवलेलं नसतं, ते टांगलेलं असतं. रेक्झिनचे आडवे पट्टे एकमेकांना शिवलेले असतात आणि प्रत्येक जोडाच्या वरच्या बाजूला परकराला असतो तसा नेफा असतो. त्या नेफ्यातून पोलादी सळी जाते. सळीची दोन टोकं दारांच्या वरच्या पट्टीतल्या भोकांत बसतात आणि सळीला दिलेल्या बाकामुळे अस्तराला टपाचा आकार येतो. कडा मात्र चिकटवलेल्या असतात: बाजूंना दाराच्या चौकटीच्या पात्यावर, ज्यावर नंतर बीडिंग बसतं, आणि पुढे-मागे काचेच्या रबराखाली. म्हणूनच काच काढायची. रबराची कड उचलून रेक्झिन आत खोचून देणारे भेटतात, पण ते थोड्याच दिवसांत सुटतं. तुमच्या सीटकव्हरवाल्यांनी खरं तेच सांगितलंय.

पद्मिनीऐवजी नव्वदच्या दशकातली नव्या घडणीची गाडी असलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढंच, की तुमचं प्रकरण बहुधा वेगळं आहे. तिथे साच्यातला पुठ्ठा असतो आणि त्यावर फोम लावलेलं कापड. उष्णता आणि दमट हवेने तो फोम कुजून पिठासारखा होतो आणि कापड सुटतं. पुठ्ठा बाहेर काढून फोमचा कण न् कण ब्रशने झाडल्याशिवाय नवं कापड टिकत नाही. सुईने सोल्यूशन आत सोडणं किंवा टाचण्या मारणं हे चार दिवसांचे उपाय.

आता पद्मिनीकडे. बॅटरीची तार आधी सोडा, कारण आतल्या दिव्याची वायर अस्तरातूनच येते. सन व्हायझर, आरसा, दिवा, हँडल, हूक सगळं काढा, पण त्यांचे स्क्रू सुटे ठेवू नका, ज्याचा त्याच्या भोकात परत अर्धा पिळून ठेवा. हे का, ते शेवटी कळेल. काचेचं रबर कडक झालं असेल तर ते वाचवायच्या फंदात पडू नका. नवी रबरं हातात आल्यावर जुन्याची बाहेरची कड ब्लेडने कापून टाका, म्हणजे काच जोर न लावता बाहेर येते. काच काढताना आणि बसवताना दोन माणसं हवीतच. मागची काच टफन्ड असते. ती मधोमध बराच दाब सोसते, पण कडेवर बसलेल्या एका ठोक्याने तिचा चुरा होतो. खाली गोधडी अंथरून तिच्यावर ठेवा.

जुनं अस्तर ओरबाडून काढायचा मोह होतो. तसं करू नका, तोच तुमचा साचा आहे. सळ्या काढण्याआधी प्रत्येकीवर मागून पुढे क्रमांक टाकलेली चिकटपट्टी लावा आणि डावी-उजवी बाजू लिहा. प्रत्येक सळीचा बाक आणि लांबी वेगळी असते, आणि एक जरी अदलाबदल झाली तरी टपाच्या मधोमध खड्डा किंवा उंचवटा दिसतो. सळीची टोकं ज्या भोकांत होती त्यांचे फोटो काढा. गाडीच्या पत्र्यावर पुढे आणि मागे बरोबर मध्य मोजून खूण करा. ती खूण पुढे फार उपयोगी पडते.

मग पत्रा. अस्तराच्या वर जुन्या काळी घातलेला नमदा किंवा तत्सम भराव असेल तर तो हाताला ओलसर लागतोय का बघा. रात्री टप गार पडतो, गाडीतली दमट हवा पत्र्याच्या आतल्या बाजूवर घाम धरते आणि नमदा ते पाणी धरून ठेवतो. मुंबई-कोकणातल्या गाड्यांचे टप असे आतून जातात. बाहेरून रंग चकचकीत असतो, आणि पहिला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा कागद झालेला असतो. दुसरी जागा म्हणजे बाजूंच्या पन्हळीचा जोड. तिथला मूळ सीलंट तडकला की पाणी थेट अस्तरात उतरतं. तिसरी, आणि तुमच्या वर्णनावरून बहुधा तुमचीच, मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे. तुमचं रेक्झिन मागच्या काचेपाशीच फाटलंय हा योगायोग नसावा. तिथल्या पात्याला गंज लागला की पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर चिकटवलेली कडही सुटते. तिथे फक्त रेक्झिन बदलणं म्हणजे गंजावर रेक्झिन चिकटवणं.

गंज तारेच्या ब्रशने, हाताने काढा. ग्राइंडर टपाच्या पातळ पत्र्यावर एका जागी फिरला की पत्रा तापून वाकतो आणि बाहेरून लाट दिसते. सुटा गंज गेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ द्या, पुसून पूर्ण वाळवा आणि मग इपॉक्सी प्रायमर मारा. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका, तो ओलावा रोखत नाही. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितल्यावर आरपार गेला तर काम इथेच थांबवा आणि गाडी चांगल्या डेंटरकडे न्या. वेल्डिंग अस्तराच्या आधीच व्हायला हवं. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क लावा, कारण सगळी धूळ वरून तुमच्याच तोंडावर पडणार आहे.

नव्या भरावाला नमदा नको. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्या, पाच-सहा मिलिमीटरचा. सळी आणि पत्रा यांच्या मधल्या जागेत तो सहज मावला पाहिजे, नाहीतर अस्तर खाली ढकललं जातं. डांबरी शीट टपाला लावू नका. एप्रिलच्या उन्हात डांबर मऊ होतं आणि टपाला धरून राहत नाही. आवाज कमी करायचाच असेल तर ब्युटाइल रबराची शीट, तीही पत्र्याच्या मधल्या भागात तुकड्यांनी.

रेक्झिन सीटचं घेऊ नका. ते जाड असतं, कोपऱ्यांवर वळत नाही. एक मिलिमीटरच्या आतलं, मागे विणलेलं कापड असलेलं, थोडं ताणलं जाणारं हवं. मूळ अस्तराचा फिका रंग आणि बारीक भोकांची नक्षी मिळाली तर तीच घ्या, या गाडीच्या आतला उजेड त्या रंगावरच ठरलेला आहे. काळं अस्तर लावलेल्या पद्मिनी मी पाहिल्यात आणि मला त्यांत बसवत नाही. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला, पुण्यात नाना पेठेत विचारून बघा. लागतं त्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त आणि एकाच ताग्यातलं घ्या.

जुन्या अस्तराची शिवण उसवून पट्टे सपाट करा, इस्त्री न करता उन्हात ठेवून. त्यांच्यावरून नवे पट्टे आखा. बाहेरच्या कडांना सहा-सात सेंटिमीटर जास्त सोडा, कारण जुनं रेक्झिन आटलेलं असतं. दोन पट्ट्यांच्या जोडाच्या रेषा मात्र जुन्याप्रमाणेच ठेवा. सगळे पट्टे ताग्यावर एकाच दिशेने कापा, नाहीतर प्रत्येक पट्टा वेगळा ताणला जाईल. नेफ्याची खोली जुन्याइतकीच हवी, कारण अस्तर टपापासून किती खाली लटकेल हे तीच ठरवते. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावर छोटी कातर मारा.

इथे एक काम मी दुसऱ्याकडे देतो, ते म्हणजे शिलाई. घरच्या मशीनवर तीन थर रेक्झिन नीट सरकत नाही. पण गाडीच्या दुकानात जायचीही गरज नाही. रिक्षाची हूडं शिवणारा माणूस शोधा, तुम्ही आखून, कापून, टाचण्या लावून दिलेलं तो बघताबघता शिवून देईल. त्याला दोन गोष्टी सांगा. दोरा पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा दमट हवेत कुजतो. आणि टाका लांब, चारेक मिलिमीटरचा. बारीक टाक्याने रेक्झिनला इतकी भोकं पडतात की ते तिथूनच फाटतं.

बसवण्याचा दिवस निवडताना पंचांग नको, हवा बघा. फेब्रुवारी-मार्चची कोरडी, ऊन असलेली सकाळ उत्तम. पावसाळ्यात हे काम अजिबात करू नका. सोल्यूशनमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चिकटण्याआधीच थर निकामी होतो. अस्तर आधी तासभर उन्हात पसरून ठेवा, घड्या जातात आणि रेक्झिन सैल होतं.

सळ्या क्रमाने नेफ्यात घाला आणि मागच्या सळीपासून सुरुवात करून एकेक भोकांत बसवा. सळीच्या टोकाशी नेफा आड येतो, तो थोडाथोडा कापा, एका वेळी सेंटिमीटरभर. जास्त कापला तर कडेला चूण पडते आणि ती परत जात नाही. सगळ्या सळ्या उभ्या राहिल्या की अस्तराच्या मध्यावरच्या कातरी आणि पत्र्यावरच्या खुणा जुळवा. आता फक्त क्लिपा, सोल्यूशन नाही. कागदाचे मोठे काळे क्लिप डझनभर आणा. आधी पुढचा मध्य, मग मागचा मध्य, मग बाजू. बाजूंना ओढताना शिवणीच्या रेषेत ओढा, दोन शिवणींच्या मधे नाही. मधे ओढलं की शिवण धनुष्यासारखी वाकते.

या टप्प्यावर घाई करू नका, सगळं काम इथे ठरतं. सुरकुती तिरपी असेल तर ती जिथे संपते तिथला क्लिप जास्त ओढलेला आहे. तो सैल करा, दुसरीकडे ओढू नका. आडवी सुरकुती म्हणजे पुढे-मागे ताण कमी. हेअर ड्रायरने हलकं गरम करत, क्लिप काढत-लावत, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्या. पूर्ण गुळगुळीत झाल्यावरही क्लिपांवरच एक दुपार गाडी उन्हात उभी करा. रेक्झिन आणखी थोडं सैल होतं, मग शेवटचा ताण द्या.

त्यानंतरच सोल्यूशन. सिंथेटिक रबराचं, हूडवाले वापरतात ते. फेविकॉल एसआर ९९८ त्याच जातीचं आहे. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. एका वेळी वीतभर कडच सोडवा, चिकटवा, पुढे जा. चारही दारं उघडी ठेवा, जवळ कुणी विडी-सिगरेट पेटवता कामा नये. वळणावर कडेला छोटे काप द्या, पण काप पात्याच्या आतल्या रेषेपर्यंत येऊ देऊ नका. एक रात्र गेली की जास्तीचं कापा, पात्याभोवती वळेल एवढं ठेवून.

आता ते अर्धे पिळलेले स्क्रू. ते नव्या अस्तरातून बोटाला लागतील. प्रत्येकाच्या डोक्यावर टोच्याने बारीक भोक पाडा आणि स्क्रू तिथूनच बाहेर काढा. भोक शोधत रेक्झिनमध्ये टोचाटोच करावी लागत नाही. दिव्याची जागा मात्र एकदम गोल कापू नका. मधे छोटी फुली मारा, वायर ओढून घ्या, दिव्याची चकती बाकीचं झाकते.

काच बसवताना रबर आधी काचेवर चढवा, रबराच्या पात्यावर बसणाऱ्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर आत सोडा. साबणाचं पाणी लावा, एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. कड आपोआप पात्यावर चढते.

मग मागच्या सीटची पाठ काढून एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने आधी काचेच्या खालच्या कडेला, मग कोपऱ्यांना, सगळ्यात शेवटी पन्हळीवर पाणी सोडा. याच क्रमाने, खालून वर, म्हणजे पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कळतं. एक थेंब जरी आत आला तरी रबराखाली न सुकणारा काचेचा सीलंट भरा आणि पुन्हा पाणी मारून बघा. सीटची पाठ त्यानंतरच परत बसवा.