व्यक्तिमत्त्वात मुखवटा नाही, अंजन आहे

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा २४ वर्षांचा. नोकरी लागून वेगळा राहायला लागल्यापासून वेळेवर उठतो, भाडं तारखेला देतो. मी म्हटलं, स्वभाव बदलला. नणंदबाई म्हणतात, स्वभाव कधी बदलत नाही, व्यक्तिमत्व बदललं म्हण. बरोबर काय?"

आधी ते 'व्यक्तिमत्व' सुधारा. व्यक्तिमत् अधिक त्व, म्हणून व्यक्तिमत्त्व, त दोनदा. ठाण्यात गोखले रोडला 'व्यक्तिमत्व विकास शिबिर' असा फलक दिसला की माझं डोकं उठतं. लोकांचा विकास करायला निघालात, निदान शब्द तरी पुरा लिहा!

आता खरी गंमत. व्यक्ती हा शब्द वि अधिक अञ्ज् या धातूवरून आलाय. अञ्ज् म्हणजे माखणे, आणि उघड करणेही. डोळ्यांत घालतो ते अंजन याच धातूचं, कखग ही व्यंजनंही त्याचीच. व्यक्ती म्हणजे जे उघड झालं ते! म्हणून 'व्यक्तिमत्त्व म्हणजे मुखवटा' असं व्याख्यानांतून ठासून सांगणाऱ्या विद्वानांशी माझं भांडण आहे. मुखवटा आहे तो इंग्रजी 'पर्सनॅलिटी'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'पर्सोना'त. आपल्या शब्दात त्याचा मागमूस नाही. मुखवटा झाकतो, अंजन दाखवतं. परक्या शब्दाची कुळकथा मराठी शब्दाला चिकटवणं हा निव्वळ आळस आहे.

नणंदबाईंच्या बाजूने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स उभे राहतील. तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, असं त्यांनी १८९० साली लिहिलं. पण २००६ साली वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांतले लोकांचे ९२ गट एकत्र तपासले गेले, तेव्हा सर्वांत जास्त बदल विशी ते चाळिशीत दिसला. जबाबदारीची जाणीव वाढते, मन स्थिरावतं. माणसामाणसांतला क्रम, म्हणजे इतरांपेक्षा कोण जास्त शिस्तीचा आणि कोण कमी, मात्र बराचसा टिकतो आणि वयाबरोबर पक्का होत जातो. तलावपाळीला जमणारं आमचं टोळकं घ्या. विशीत सहाचे सात सगळेच करायचे, आता सगळे सहाला हजर. तरी तेव्हा कठड्यावर पहिला येऊन बसणारा आजही पहिला, आणि धापा टाकत शेवटी येणारा आजही शेवटचाच.

आणि स्वभाव? त्यातला भाव 'भू' धातूचा, भू म्हणजे होणे. ज्याच्या पोटातच 'होणे' आहे, तो शब्द बदलाला आडवा कसा येईल? ताई, तुमचं वाक्य बरोबर आहे. नणंदबाईंनाही त्यांचं वाक्य म्हणू द्या, फक्त दोन त लावून.